घरात एक सिस्टर, एक डॉक्टर

बारावीनंतर मी नर्सिंगला गेले, त्यामागे सेवाभाव वगैरे काही नव्हतं. तीन वर्षांचा कोर्स होता, राहायला हॉस्टेल होतं आणि शिकता शिकता दर महिन्याला थोडा स्टायपेंड मिळणार होता. आम्ही तेव्हा परळची खोली सोडून मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात वन रूम किचनमध्ये राहायला आलेलो. बाबा अंधेरीच्या एका कंपनीत डिस्पॅचला क्लार्क. घराचे हप्ते त्यांच्या पगाराच्या मानानं जडच होते. तरी माझं नर्स होणं त्यांना पटलं नव्हतं. "आपल्या मुलीनं लोकांची ती भांडी उचलायची का?" असं ते स्वयंपाकघरात आईला विचारत होते. बेडपॅन हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. आई पोळ्या लाटत म्हणाली, "स्वतःच्या पायावर उभी राहतेय ना? मग राहू दे."

कोर्स संपल्या संपल्या मी घरापासून चालत जाता येईल अशा एका खासगी हॉस्पिटलात लागले. पहिला पगार कमी होता. पण एक गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. नर्सला कामासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. मीरा रोड काय नि भाईंदर काय, दर दोन गल्ल्यांमागे एक नर्सिंग होम आहे आणि प्रत्येकाला सिस्टर कमी पडतात. एका ठिकाणी पगार वाढवत नाहीत म्हटलं की दुसरीकडे जायचं, तिथे थोडे वर मिळतात. आमच्यातल्या बऱ्याच मुली अशाच उड्या मारत वर गेल्या. काही जणी तर थेट आखातात पोचल्या.

धाकटी बहीण माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. अभ्यासात हुशार, हट्टी, आणि बाबांची लाडकी. तिला मेडिकलला जायचं होतं. थोड्या मार्कांनी हुकलं. घरात दोन दिवस चूल पेटली नाही म्हणतात तसंच वातावरण होतं. मग कुणीतरी फिजिओथेरपीचं सुचवलं. कॉलेज खासगी, फी भरमसाट. प्रवेशाच्या दिवशी मीही सोबत गेले होते. तिथल्या ऑफिसातल्या बाईंना बाबांनी एकच प्रश्न विचारला, "नावापुढे डॉक्टर लावतात का?"

"लावतात की सगळे," बाई म्हणाल्या.

बाबांनी पीएफमधून पैसे काढले. शेवटच्या दोन वर्षांची फी बरीचशी माझ्या पगारातून गेली. मला त्या सुमारास पोस्ट बेसिक बीएस्सी करायचं होतं. नर्सला वॉर्डाच्या बाहेरची, शिकवण्याची वगैरे नोकरी हवी असेल तर ते लागतं. ते मी पुढे ढकललं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण धाकटी रात्रंदिवस स्नायूंची नावं पाठ करत घरभर फिरायची, माझाच दंड पकडून "हा बायसेप्स, हा ट्रायसेप्स" करायची, तेव्हा ते वाईट वाटणं टिकायचं नाही.

ती पास झाली आणि बाबांनी दारावरची पाटी बदलली. तिचं नाव डॉक्टर लावून सगळ्यात वर. बिल्डिंगमधले लोक मान, पाठ, गुडघे घेऊन यायला लागले. समोरच्या गुजराती काकी रोज संध्याकाळी खांदा धरून उभ्या, "डॉक्टर बेटा, जरा देखो ना." पैसे कुणी विचारत नसे, आम्हीही मागत नव्हतो. बाबांना त्यातच समाधान होतं. "आमच्याकडे एक सिस्टर, एक डॉक्टर," ते कुणालाही सांगायचे. त्यात मी आधी येत असले तरी आवाज दुसऱ्या शब्दावर चढायचा.

तिला पहिली नोकरी नया नगरच्या एका क्लिनिकमध्ये लागली. सकाळ-संध्याकाळ अशी तुटक ड्यूटी, मधली दुपार नुसती घरी येण्या-जाण्यात जायची. महिना भरला त्या दिवशी ती पेढे घेऊन आली. आईनं देवापुढे ठेवले. जेवायला बसल्यावर बाबांनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "मग? किती दिले?"

"बारा."

"बारा म्हणजे?"

"बारा हजार, बाबा."

बाबांनी घास चावला, पाणी प्यायले. "मधूनच जॉइन झालीस ना तू? पुढच्या महिन्यात पूर्ण येईल."

"एक तारखेलाच जॉइन झालेय. हा पूर्णच आहे."

मला त्या वेळी बावीस मिळत होते. आमच्या वॉर्डात नुकत्या पास होऊन आलेल्या मुलींनाही धाकटीपेक्षा जास्त पगार होता, आणि हे मी कधीतरी घरी बोलले होते. मी भाजी वाढायला उठू लागले तर आई पटकन म्हणाली, "बस तू. मी वाढते." जणू मी उठून उभी राहिले असते तर कुणाला तरी लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी माझी इव्हिनिंग ड्यूटी होती. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना धाकटी म्हणाली, "ताई, तुला हसू येत असेल ना?"

"कशाचं?"

"तुझे पैसे माझ्या फीत गेले. आणि मी बारा हजाराची डॉक्टर."

"हसू नाही येत. राग येतोय."

"माझा?"

"तुझ्या क्लिनिकवाल्याचा. एका सिटिंगचे किती घेतो तो?"

तिनं सांगितलं.

"आणि दिवसाला किती पेशंट बघतेस तू?"

तिनं तेही सांगितलं. मी गुणाकार केला नाही. तिनं तो केव्हाच केलेला असणार. ती चादर झटकत म्हणाली, "जागा त्याची, मशीन त्याचं, पेशंट त्याचे. माझे फक्त हात."

तेव्हापासून आम्ही दोघी आपापल्या कामाकडे एकमेकींच्या कामाशेजारी ठेवून बघायला लागलो. नर्सचं कसं, शिडी असते. बुटकी असते, पण असते. स्टाफ नर्स, मग सीनिअर, मग इन्चार्ज, नशीब असेल तर मेट्रन. सरकारी परीक्षा निघाली आणि पास झालात तर आयुष्याची ददात मिटली. बदल्यात नाइट ड्यूटी, सणावाराला घरी नाही, आणि पेशंटच्या नातेवाइकांची बोलणी. मला बघायला आलेल्या दोन घरांनी एकच अट घातली होती, की लग्नानंतर नाइट बंद. मी नाही म्हटलं. फिजिओला शिडीच नसते. क्लिनिकमध्ये वर्षानुवर्षं काम केलं तरी पगार हजार-दोन हजारानं सरकतो. स्वतःचं काढायचं तर गाळा हवा, मशीन हवीत, आणि पेशंट पाठवणारा डॉक्टर हवा. एकानं तिला तोंडावर सांगितलं होतं, पेशंट पाठवतो, पण प्रत्येकामागे माझे इतके. ती उठून आली. घरी येऊन म्हणाली, "मान होता हो खूप. खुर्ची दिली, चहा दिला."

मग कोविड आला आणि आमच्यातलं अंतर आणखी वाढलं. मला हॉस्पिटल सोडेना. पगार वाढवून दिला, राहायला हॉटेलातली खोली दिली. बिल्डिंगमधले जे लोक टाळ्या वाजवत होते तेच घरी धुवायला आलेले माझे कपडे गच्चीवर वाळत घालू नका म्हणून आईला सांगून गेले. धाकटीचं क्लिनिक पूर्ण बंद. अंगाला हात लावल्याशिवाय तिचं काम होत नाही, आणि तेव्हा कुणीच कुणाला हात लावत नव्हतं. ती घरी बसून बाबांना श्वासाचे व्यायाम शिकवायची. क्लिनिक पुन्हा उघडलं तेव्हा मालकानं तिला अर्ध्या पगारावर यायला सांगितलं.

ती गेली नाही. ठाण्याला आरोग्य विम्याचे क्लेम तपासणाऱ्या एका ऑफिसात तिनं नोकरी धरली. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून लोकांची हॉस्पिटलची बिलं आणि डिस्चार्जचे कागद वाचायचे, कुठला खर्च मंजूर, कुठला नाही, ते ठरवायचं. पगार क्लिनिकच्या दुपटीहून जास्त, शनिवार-रविवार सुट्टी, एसी. बाबा महिनाभर तिच्याशी नीट बोलले नाहीत. "कारकुनी करायची होती तर माझ्या ऑफिसात चिकटवली असती," एवढंच एकदा म्हणाले. मी मात्र तिच्या बाजूनं होते. पोरीनं वेळेवर जेवावं, महिन्याच्या शेवटी हात पसरावा लागू नये, यात वाईट काय? त्या पगारातून तिनं पहिली गोष्ट केली ती ही, की मला न विचारता नोकरीतल्या नर्सेससाठी असलेल्या पोस्ट बेसिकच्या कोर्सचा अर्ज आणला आणि फी भरून मोकळी झाली. "आता नाटकं करू नकोस. अभ्यास कर," म्हणाली.

पण ती त्या ऑफिसात सुकत चालली होती. घरी आली की सोफ्यावर पडून राहायची. एकदा मी विचारलं, "काय होतंय?" तर म्हणाली, "काही नाही गं. आज नऊ गुडघे मंजूर केले. एकही बघितला नाही."

साधारण वर्षभरानं आमच्या वॉर्डात चेणे गावातल्या एक आजी ॲडमिट झाल्या. घरात घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन चांगलं झालं. मूळची भातशेती करणारी माणसं, आता मुलानं घोडबंदर रोडला लागून असलेल्या शेतावर लग्नाचं लॉन काढलं होतं. नवं घर, गुळगुळीत फरश्या. आजी त्या फरशीलाच शिव्या घालत होत्या. डिस्चार्जच्या दिवशी त्यांचा मुलगा मला म्हणाला, "सिस्टर, डॉक्टर बोलले व्यायाम पाहिजेच. पण चेण्याला यायला कोणी तयारच न्हाय. दोघांना फोन केले, लांब पडतं बोलतात."

मी घरी येऊन धाकटीला सांगितलं. "शनिवार-रविवार जाशील?"

"मी सोडलंय ते."

"मग जाऊ नकोस. आजी पडून राहतील. पाठीला जखमा झाल्या की परत माझ्याकडेच येतील."

शनिवारी सकाळी तिनं स्कूटी काढली आणि खालून हॉर्न वाजवला. मला सुट्टी होती, मीही मागे बसले.

आजी कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. धाकटीनं नमस्कार केला, पाय बघू का विचारलं. आजी म्हणाल्या, "जा बाय तू. मना काय करायचं न्हाय. दुखतं."

"दुखणारच. थोडंसंच करू."

"मी काय लंगरी हाय का? काल उठली होती मी."

सून दारातून म्हणाली, "खोटं बोलतात. चार दिवस उठल्या नाहीत."

धाकटीनं वॉकर बाजूला ठेवला आणि खिडकीतून मागे बघितलं. मागच्या आवारात मांडव होता, त्यावर वेल चढलेला. "आजी, तो दुधी आहे का?"

"शिरालं हाय ते," आजी कॉटवरूनच म्हणाल्या. "दुधी तिकडं. तुला दिसतं का न्हाय?"

"मला कुठलं काय कळतंय. आम्ही बिल्डिंगमधली माणसं. पाणी कोण घालतं आता?"

"कोन घालनार? सगली वाट लागली आसंल."

"चला, बघून येऊ. तुम्ही दाखवा, मी घालते पाणी."

आजींनी पहिल्यांदा तिच्याकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, "आन ती काठी," आणि वॉकरकडे हात केला.

कॉटवरून उतरून दारापर्यंत जायला खूप वेळ लागला. मध्येच आजींचा गुडघा थरथरला आणि माझे दोन्ही हात आपसूक पुढे गेले. इतक्या वर्षांची सवय. धाकटीनं माझ्याकडे बघितलं, नुसती मान हलवली. ती आजींच्या अगदी जवळ उभी होती, तिचा हात त्यांच्या पाठीमागे होता, पण टेकलेला नव्हता. "वजन हातावर घ्या. आता दुखरा पाय आधी. घाई नाही." गुडघा थरथरला आणि थांबला. आजी उभ्या राहिल्या. मी हात मागे घेतले तेव्हा मला आमच्या दोघींच्या कामातला फरक पहिल्यांदा अंगात जाणवला. पेशंटला पडू द्यायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलं असतं. तिला त्याही पलीकडचं शिकवलं होतं, की तो स्वतः उभा राहायच्या आत धरायचं नाही. मला ते जमलं नसतं.

परतताना ती स्कूटी चालवता चालवता बडबडत होती. ऑफिसला लागल्यापासून तिला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

पुढे काही आठवडे चांगले गेले. आजी आता अंगणात जाऊन यायच्या. आणि एका रविवारी उंबऱ्यात वॉकरचा पाय अडकला. आजी कलल्या. धाकटीनं त्यांचा सगळा भार अंगावर घेतला आणि दोघीही हळूच खाली बसल्या. कुणाला काही झालं नाही, एक्स-रेही नीट आला. पण आजींच्या मुलाचा मला हॉस्पिटलात फोन आला. "सिस्टर, तुमची बहीण नको आता. परत हाड मोडलं असतं तर जबाबदार कोण?"

त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. आपली आई पडताना बघितल्यावर कुणीही तेच बोललं असतं. मी घरी येऊन धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं," आणि ताट सरकवून उठली. आठवडाभर ती ऑफिसला गेली, आली, झोपली.

पुढच्या शनिवारी सकाळी तिच्या मोबाइलवर आजींच्या सुनेचा नंबर दिसला. आवाज आजींचा. इतका मोठा, की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

"आज का न्हाय आली गो?"

"आजी, तुमच्या मुलानं नको म्हटलंय."

"पाय त्याचा हाय का माजा?"

धाकटी हसली आणि हसता हसताच रडायला लागली. आईनं तिच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. दहा मिनिटांत स्कूटी खाली सुरू झाली होती.

दोनेक महिन्यांनी आजी काठी घेऊन रस्त्यापर्यंत येऊन उभ्या राहिलेल्या गावानं बघितल्या. शेजारणीशी भांडायला आल्या होत्या, पण आल्या होत्या चालत. आजींच्या नात्यातल्या एका काकांना पॅरालिसिस झाला होता, त्यांनी धाकटीला बोलावलं. मग काशीमीऱ्याहून एक फोन आला, मग भाईंदरहून. शनिवार-रविवार पुरेनात. तिनं ऑफिसात राजीनामा दिला.

बाबांनी या वेळी अबोला धरला नाही, ते घाबरले. "पगाराची नोकरी सोडून दारोदार फिरणार तू? उद्या पेशंट नाही आले तर?"

"नाही आले तर नाही आले, बाबा."

"तू सांग हिला," बाबा माझ्याकडे वळले. "तुझं ऐकेल."

मी म्हटलं, "मीही दारोदारच फिरले. फक्त माझी दारं हॉस्पिटलांची होती."

बाबांची भीती अगदीच खोटी नव्हती. पहिल्या वर्षी तिचं उत्पन्न एखाद्या महिन्यात माझ्यापुढे जायचं आणि पुढच्या महिन्यात निम्म्यावर यायचं. मे महिन्यात लोक गावाला जातात, गणपतीत नको म्हणतात, दिवाळीत पुढच्या आठवड्यापासून म्हणतात. शिवाय तिच्या धंद्याची एक मूळचीच गंमत आहे. एकदा हिशेब करताना ती म्हणाली, "ताई, माझं पेशंट बरं झालं की माझा पगार कमी होतो." आमच्याकडे एक बेड रिकामा झाला की दुपारपर्यंत त्यावर दुसरा येतो, आणि भरला काय न भरला काय, माझा पगार तोच. तिला आजारपणाची रजा नाही, पीएफ नाही. पण तिला कुणी ड्यूटी लावत नाही, आणि कुणासमोर ती 'सर, सर' करत नाही. दोन्हींतलं कुठलं घ्यावं, याचं उत्तर आमच्या घरात महिन्या-महिन्याला बदलायचं.

माझ्या बाबतीत ते उत्तर माझ्या पाठीनं दिलं. अंगानं जड असलेल्या एका पेशंटला आम्ही दोघी सिस्टर कुशीवर वळवत होतो आणि माझ्या कमरेत एकदम कळ गेली. मी तशीच वाकलेली राहिले. सरळच होता येईना. एमआरआयमध्ये मणक्याची गादी सरकलेली निघाली. डॉक्टरांनी आराम आणि फिजिओथेरपी सांगितली. फिजिओथेरपिस्ट शोधायला लांब जायचं नव्हतं.

धाकटीनं मला हॉलमध्ये चटईवर झोपवलं. तिचा तो आवाज, जो मी चेण्याला ऐकला होता, आता माझ्यावर चालायला लागला. "पाय उचल. अजून. रडू नकोस, तू सिस्टर आहेस." मी पेशंट म्हणून फार वाईट निघाले. कंटाळा करायचे, खोटं सांगायचे, की दुपारी केले व्यायाम. ती पोटरीला हात लावून ओळखायची की केलेले नाहीत. बाबा तेव्हा रिटायर झाले होते. दारात खुर्ची टाकून ते रोज हे सगळं बघायचे. पाटीवर तिचं नाव त्यांनी लावलं होतं, पण तिला काम करताना त्यांनी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. काही दिवसांनी मी भिंतीला न धरता उठले, तेव्हा ते तिला म्हणाले, "इतकं बोलायला शिकवतात तुम्हाला तिकडे?"

"बोलायचंच जास्त शिकवतात, बाबा."

"मग फी कमीच होती म्हणायची," बाबा म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

मी कामावर परत गेले तेव्हा मेट्रननं मला बोलावून इन्चार्जची जागा देऊ केली. पगार चांगला वाढणार होता. पण नाइट सुटणार नव्हत्या, आणि स्टाफ कमी पडला की इन्चार्जलाही पेशंट उचलायला हात लावावा लागतो. त्याच सुमारास जवळच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवण्याची जागा निघाली. पोस्ट बेसिक माझं पूर्ण झालेलं होतं. पगार मात्र इन्चार्जपेक्षा कमी, आत्ताच्यापेक्षाही किंचित कमीच. मी दोन दिवस दोन्ही पगार कागदावर मांडत बसले. इतकी वर्षं मीच धाकटीला सांगत होते, की महिन्याला जिथून जास्त येतं तिथं जावं. आता माझ्यावर आल्यावर मला ते पटेना.

शेवटी आईनं विचारलं, "मुलींना शिकवायला आवडेल का तुला?"

"आवडेल."

"मग पाठीला विचारायचं काय राहिलंय?"

मी कॉलेज धरलं. वॉर्ड सोडणं मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त जड गेलं. पहिल्या आठवड्यात तर कुठं बेल वाजली की मी उठून उभी राहायचे.

आता दोघींचं असं आहे. वर्षाचं एकत्र धरलं तर धाकटी माझ्यापुढे गेलीय. तिला आता गाळा घ्यायचाय. भाडी विचारत फिरतेय, आणि आकडे ऐकून परत येतेय. तिचे फोन बाबा घेतात. "डॉक्टर व्हिजिटला गेल्यात, काय त्रास होतोय?" असं विचारतात आणि सगळं ऐकून घेतात. कधी कधी स्वतःच सल्लाही देतात, मग धाकटी ओरडते. मी संध्याकाळी घरी असते. पुढे कधी प्राचार्य वगैरे होईन की नाही, माहीत नाही. पगार वाढेल, हळूहळू.

परवा पहिल्या वर्षाच्या वर्गात एका मुलीनं हात वर केला. उत्तनची, शांत, मागे बसणारी. म्हणाली, "मॅडम, तुमची बहीण फिजिओ आहे ना? माझा चुलतभाऊ तिकडे गेलाय. घरचे बोलतात, त्याचं जास्त चांगलं होईल. खरंच का?"

पुढच्या बाकांवरच्या मुलीही मागे वळल्या. प्रत्येकीच्या मनात तोच प्रश्न असणार. मी काहीतरी ठरावीक बोलू शकले असते. त्याऐवजी मी मोबाइल काढला, धाकटीला लावला आणि स्पीकरवर ठेवला. ती घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकली होती, मागे हॉर्न वाजत होते. मी प्रश्न सांगितला.

"पहिली काही वर्षं तुम्हालाच जास्त मिळतील," ती मुलींना म्हणाली. "आमच्यातले खूप जण तेवढ्यात कंटाळून सोडतात. मीपण सोडलं होतं. जे टिकतात त्यांचं पुढे होतं, पण दर महिन्याला होईलच असं नाही. तुम्हाला रात्रभर जागायला लागणार, आम्हाला रात्रभर झोप लागत नाही, उद्या कोण बोलावेल म्हणून."

मुली हसल्या. ती उत्तनची मुलगी हसली नाही. "म्हणजे नक्की कुठलं चांगलं, मॅडम?"

"ते मला अजून कळलेलं नाही," धाकटी म्हणाली. "कळलं की ताईला सांगते. चल ठेवते, सुटला सिग्नल."

फोन बंद झाला. मी त्या मुलीला म्हटलं, "तुझं समाधान झालं नाही ना?"

"नाही मॅडम."

"ठीक आहे. वर्ग संपला की थांब, सविस्तर बोलू. तुझ्या घरच्यांशी बोलायला लागलं तर तेही बोलू."

तिनं मान हलवली. त्या दिवशी रक्तदाब मोजायचा होता. मी मुलींच्या जोड्या लावल्या, आणि तिला माझ्यासमोर बसवून माझाच दंड पुढे केला.